आईचे रक्त, बाळाचे रक्त : गर्भवतीच्या आर-एच तपासणीविषयी

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नावे, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि पुढील संकल्प वाचावयास मिळावेत अशी वाचकांची अपेक्षा असते. तेथे रक्तगटासारखा रूक्ष विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. समाजसंस्थेची खरी पुंजी म्हणजे तिच्या कुटुंबांत जन्मास येणारी मुले. त्यांतील एखादे मूल केवळ माहितीच्या अभावी दगावले, किंवा जन्मभराचे पंगुत्व घेऊन वाढले, तर शिष्यवृत्त्यांचा आणि सभागृहांचा आनंद उणाच म्हणावयाचा. ज्या विकाराविषयी आम्ही येथे लिहीत आहोत तो बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी लागते ती एक साधी रक्ततपासणी, योग्य वेळी एक-दोन सुया, आणि घरातील सर्वांस थोडी समज. तपासणी व सुई डॉक्टरांकडे मिळते. समज मात्र घरीच असावी लागते.

रक्तगट म्हणजे काय?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात हे शाळेत शिकलेले सर्वांस आठवत असेल. या पेशींच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट द्रव्ये असतात. त्यांस शास्त्रज्ञ प्रतिजन म्हणतात. घरोघरच्या भांड्यांवर जशी नावे घातलेली असतात तशी ही पेशींवर घातलेली नावे होत, असे समजावे. लग्नकार्यात भांड्यांची सरमिसळ झाली तरी गृहिणी आपले नाव वाचून आपले भांडे ओळखते. त्याचप्रमाणे शरीर आपल्या पेशी ओळखते. परक्या नावाची पेशी रक्तात शिरली की शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि तिचा नाश करू पाहते. जंतूंपासून आपले रक्षण करणारी शक्ती ती हीच.

व्हिएन्ना येथील कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ साली ए, बी आणि ओ हे गट दाखवून दिले. त्यापूर्वी एकाचे रक्त दुसऱ्यास देणे हा जिवावरचा खेळ होता. कधी रोगी वाचे, कधी तत्काळ मरे, आणि कारण कोणासही सांगता येत नसे. या शोधाबद्दल लांडस्टायनर यांस १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ए, बी, ओ जुळवून रक्त दिले तरीही क्वचित रोग्यास थंडी वाजून येई, लघवी काळसर होई. म्हणजे आणखी काही नावे वाचावयाची राहिली होती.

त्यांतील सर्वांत महत्त्वाचे नाव उघड झाले ते एका बाळंतिणीमुळे. १९३९ साली न्यूयॉर्कचे फिलिप लेव्हीन व रुफस स्टेटसन यांनी एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. तिचे मूल पोटातच मृत झाले होते. पुढे रक्तस्राव झाल्यामुळे तिला तिच्या पतीचे रक्त देण्यात आले. दोघांचाही गट ओ असूनही तिला तीव्र त्रास झाला. तिच्या रक्तद्रवात पतीच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे होती. लेव्हीन यांनी तर्क केला की, बाळाच्या पेशींवर बापाकडून आलेले असे काही द्रव्य असावे जे आईजवळ नाही, आणि आईच्या शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण केली असावीत. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, लांडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या पेशी वापरून केलेल्या प्रयोगांतून एक द्रव्य ओळखले. माकडाच्या नावावरून त्यास आर-एच असे नाव पडले. माकडाचे द्रव्य आणि माणसाचे द्रव्य अगदी एकच नव्हेत असे मागाहून ठरले. पण नाव रूढ झाले ते झाले.

आर-एच कुटुंबात आज पन्नासाहून अधिक प्रतिजन ठाऊक आहेत. त्यांत डी नावाचा प्रतिजन सर्वांत प्रबळ. ज्याच्या पेशींवर डी आहे तो आर-एच पॉझिटिव्ह आणि ज्याच्या पेशींवर नाही तो आर-एच निगेटिव्ह. निगेटिव्ह या शब्दाने पुष्कळांच्या मनात काहीतरी वैगुण्य असल्याचा भास होतो. तसे काहीही नाही. निगेटिव्ह गटाच्या व्यक्तीचे रक्त तितकेच सकस, आयुष्य तितकेच लांब. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरांत सुमारे पंधरा व्यक्ती निगेटिव्ह असतात. आपल्या देशात हे प्रमाण ढोबळ मानाने शंभरांत पाच धरतात.

लपलेला वारसा

प्रत्येक मुलास डी विषयीचे दोन वाटे मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोहोंपैकी एका वाट्यात जरी डी असला तरी मूल पॉझिटिव्ह होते. दोन्ही वाटे रिकामे असले तरच ते निगेटिव्ह. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, आईबाप दोघेही पॉझिटिव्ह असून मूल निगेटिव्ह असू शकते; कारण दोघांच्याही अंगी एकेक रिकामा वाटा लपलेला असू शकतो. असे मूल झाल्यास घरात भलता संशय घेऊ नये. दुसरी अशी की, आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असता मूल कसे होईल ते बापाच्या दोन वाट्यांवर अवलंबून राहील. बापाचे दोन्ही वाटे भरलेले असले तर सर्व मुले पॉझिटिव्ह. एक भरलेला व एक रिकामा असला तर प्रत्येक खेपेस निम्मी शक्यता.

थोडा हिशेब करून पाहू. शंभरांत पाच निगेटिव्ह धरले, तर गणिताने असे येते की सुमारे साठ जणांचे दोन्ही वाटे भरलेले, सुमारे पस्तीस जणांचा एक वाटा रिकामा, आणि पाच जणांचे दोन्ही रिकामे. म्हणजे स्वतःस पॉझिटिव्ह म्हणविणाऱ्या पंचाण्णवांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक निगेटिव्हचा वारसा गुपचूप बाळगून असतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. लग्नाच्या प्रकरणी त्याचा पुन्हा उपयोग होणार आहे.

पहिले बाळ सुखरूप, मग दुसरे का नाही?

पोटात असताना बाळाचे रक्त आणि आईचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार असते. वारेतून अन्न व प्राणवायू बाळाकडे जातात, टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात. परंतु तांबड्या पेशी सहसा पलीकडे जात नाहीत. प्रसूतीच्या वेळी वार सुटताना मात्र बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात उतरते. आई निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीरास डी हे नाव प्रथमच वाचावयास मिळते. ते प्रतिपिंडे तयार करू लागते. पण या कामास आठवडे लागतात. तोवर बाळ जन्मून आईच्या कुशीत निजलेले असते. म्हणून पहिल्या बाळास बहुधा काहीच होत नाही.

शरीराची स्मरणशक्ती मात्र दांडगी असते. पुढील खेपेस पॉझिटिव्ह बाळ पोटात असता थोड्याशा पेशींनीही ही स्मृती जागी होते, आणि प्रतिपिंडे झपाट्याने, मोठ्या प्रमाणावर तयार होतात. ही दुसऱ्या खेपेची प्रतिपिंडे लहान आकाराची असल्याने वार ओलांडून बाळाकडे जातात. जी वाट निसर्गाने आईची रोगप्रतिबंधक शक्ती बाळास मिळावी म्हणून ठेवली, त्याच वाटेने हे संकट येते. बाळाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. बाळ पांढरे पडते, त्याचे यकृत व प्लीहा वाढतात, अंगावर सूज येते, आणि फारच तीव्र प्रकार असल्यास ते पोटातच दगावते. जिवंत जन्मले तर पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसू लागते. फुटलेल्या पेशींतून निघालेले पिवळे द्रव्य फार साचले तर ते मेंदूत शिरते. मूल वाचलेच तर बहिरेपणा, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली असे जन्माचे व्यंग मागे राहते.

पूर्वी आपल्या घरांतून एक करुण प्रकार दिसे. पहिले मूल धडधाकट, दुसरे काविळीने गेले, तिसरे पोटातच गेले, आणि मग गावात कुजबूज सुरू होई की हिच्या कुशीलाच काही दोष आहे. कोणी नवस बोले, कोणी अंगारा आणी, आणि कोणी दुसऱ्या लग्नाची भाषा काढी. त्यांतील सर्वच दुःखे आर-एचमुळे होती असे नव्हे. पण काही खात्रीने होती, आणि त्यांत त्या स्त्रीचा कणभरही दोष नव्हता. बाळाचा डी तर बापाकडून आलेला, आणि बापाचाही त्यात अपराध कसला? दोन निरोगी माणसांच्या रक्तांचा तो योगायोग होय.

उपाय कसा सापडला?

१९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी मौरंट व रेस या सहकाऱ्यांसह ही प्रतिपिंडे पकडण्याची कसोटी शोधली. आजही गर्भवतीच्या कागदावर कूम्ब्स चाचणी असे लिहिलेले असते ती हीच. त्याच सुमारास जन्मलेल्या बाळाचे खराब होत चाललेले रक्त काढून त्याजागी नवे भरण्याची रीत सुरू झाली, आणि अनेक बालके वाचू लागली. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या परिचारिकेच्या ध्यानात आले की, उन्हात ठेवलेल्या पिवळ्या बाळाचा जेवढा भाग उघडा राहिला तेवढा फिकट झाला आहे. या चाणाक्ष निरीक्षणातून पुढे काविळीवरील प्रकाशोपचार निघाला. १९६३ साली न्यूझीलंडचे विल्यम लायली यांनी पोटातील बाळासही रक्त देता येते हे दाखविले.

हे सर्व उपाय घर पेटल्यावर पाणी आणण्यासारखे होते. आग लागूच नये याची युक्ती काढली ती लिव्हरपूल येथे सिरिल क्लार्क व रोनाल्ड फिन यांनी, आणि न्यूयॉर्क येथे फ्रेडा, गोर्मन व पोलॅक यांनी. क्लार्क हे फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक होते आणि त्या अभ्यासातून ते रक्तगटांकडे वळले हे वाचून पुष्कळांस नवल वाटेल. युक्ती अशी : आईच्या रक्तात उतरलेल्या बाळाच्या पेशी तिच्या शरीराने ओळखण्यापूर्वीच बाहेरून तयार प्रतिपिंडे देऊन त्यांचा निकाल लावावयाचा. परके भांडे घरधन्याच्या नजरेस पडण्याआधीच शेजाऱ्याने उचलून न्यावे, तसे. आईच्या शरीरास काही कळतच नाही, आणि पुढील बाळाविरुद्ध वैर निर्माण होत नाही. १९६८ पासून ही अँटी-डी सुई सर्वत्र उपलब्ध होऊ लागली.

ही सुई मूळची रक्तदात्यांचे देणे होय. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आहेत अशांच्या रक्तद्रवातून ती काढीत. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी १९५४ ते २०१८ या काळात अकराशेहून अधिक वेळा रक्त व रक्तद्रव दिला, आणि त्यांच्या दानातून चोवीस लाख बालकांस संरक्षण मिळाले असा अंदाज त्या देशाच्या रेडक्रॉसने केला आहे. २०२५ साली वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. आता प्रयोगशाळेत पेशी वाढवून तयार केलेली अँटी-डी सुईही आपल्या देशात मिळते.

सुईचा गुण किती? काहीच उपाय न केल्यास, पॉझिटिव्ह बाळास जन्म देणाऱ्या शंभर निगेटिव्ह स्त्रियांपैकी सुमारे सोळा जणींत प्रतिपिंडे निर्माण होतात. प्रसूतीनंतर वेळेवर सुई दिली तर हे प्रमाण शंभरांत दोनांच्याही खाली येते. गरोदरपणीच्या सातव्या महिन्यातही एक सुई दिली तर ते हजारांत एक-दोनांवर येते. मात्र एक गोष्ट विसरू नये. एकदा आईच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडे तयार झाली की मग या सुईचा काही उपयोग नाही. ही सुई प्रतिबंध करते, बरे करीत नाही.

काय करावे, केव्हा करावे?

दिवस गेल्याचे कळताच पहिल्या भेटीतच रक्तगट व आर-एच तपासावा. पूर्वी तपासला होता, लग्नाच्या वेळी कागद आला होता, असे म्हणून टाळू नये. निगेटिव्ह आढळल्यास पतीचेही रक्त तपासावे. पतीही निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्हच होणार, आणि चिंतेचे कारण उरत नाही. पती पॉझिटिव्ह असेल तर आईची कूम्ब्स चाचणी करावी. तीत प्रतिपिंडे नाहीत असे ठरले, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास ती पुन्हा करून पहिली अँटी-डी सुई घेण्याची पद्धत आहे. आमच्या गृहिणींस आठवडे मोजणे अवघड वाटत असेल तर एक सोपी खूण सांगतो. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो. हिरवी साडी, फुलांची वाडी आणि पंचपक्वान्ने यांची यादी कराल त्याच यादीत, निगेटिव्ह सुनेसाठी, सुईची तारीख डॉक्टरांस विचारून लिहून ठेवा.

प्रसूती होताच नाळेतील रक्त घेऊन बाळाचा गट पाहतात. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बहात्तर तासांच्या आत आईस दुसरी सुई द्यावयाची. नेहमीची मात्रा तीनशे मायक्रोग्रॅमची असते. तेवढी बाळाच्या सुमारे तीस मिलिलिटर रक्तास पुरते. प्रसूती कठीण झाली, रक्तस्राव अधिक झाला, तर जास्त मात्रा लागेल का हे डॉक्टर ठरवितात. काही कारणाने बहात्तर तास टळून गेले तरी आता काय उपयोग म्हणून स्वस्थ बसू नये. दहा दिवसांपर्यंत दिलेल्या सुईचाही काही लाभ होण्याचा संभव असतो.

सर्वांत जास्त विसर पडतो तो अर्धवट राहिलेल्या गरोदरपणाचा. गर्भपात आपोआप झाला असो वा करविला असो, गर्भ नळीत राहिला असो, पोटावर आघात झाला असो, मध्येच अंगावर रक्त गेले असो, यांपैकी कोणत्याही प्रसंगी बाळाच्या पेशी आईच्या रक्तात उतरू शकतात. अशा वेळीही सुईची गरज आहे का ते विचारलेच पाहिजे. आपल्याकडे अशा गोष्टी झाकून ठेवण्याची प्रवृत्ती आहे. पुढच्या खेपेस डॉक्टर विचारतात, ही कितवी खेप? सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, सून खाली मान घालून पहिलीच म्हणते, आणि एक महत्त्वाची गोष्ट कागदावर येतच नाही. घरातील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, डॉक्टरांशी बोलताना सुनेस थोडा एकांत द्यावा.

प्रतिपिंडे असल्याचे आढळले तरी धीर सोडण्याचे कारण नाही. त्यांचे प्रमाण ठराविक काळाने मोजतात. ते वाढू लागले तर सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा वेग पाहून त्यास रक्त कितपत कमी पडते आहे याचा अंदाज घेतात. पोटावर सुई न टोचता हे कळते. जरूर पडल्यास पोटातच नाळेतून रक्त देतात. हे काम मोठ्या केंद्रांतच होते, म्हणून अशा गर्भवतीस वेळीच तेथे न्यावे.

पॉझिटिव्ह स्त्रियांनीही अगदी निर्धास्त राहू नये. आर-एच कुटुंबातील सी व ई, तसेच केल नावाचा निराळा प्रतिजन, यांच्याविरुद्धही क्वचित प्रतिपिंडे होतात. ज्या स्त्रीस पूर्वी रक्त दिलेले आहे, किंवा जिची मुले कारण न कळता पोटात गेली अथवा काविळीने गेली, तिचा गट कोणताही असला तरी प्रतिपिंडांची तपासणी करण्याविषयी डॉक्टरांस विचारावे.

नवजात बाळाच्या काविळीविषयी एक इशारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक बाळे थोडी पिवळी दिसतात व आपोआप बरी होतात. परंतु पहिल्याच दिवशी दिसणारी कावीळ ही नेहमीची कावीळ नव्हे. तिला कोवळे ऊन, गळ्यातील माळ किंवा आजीबाईंचा बटवा पुरा पडणार नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे.

माहेरचे बाळंतपण

पहिलटकरणीने माहेरी जावे ही आपली जुनी व गोड चाल आहे. इंदूरची सून बाळंतपणास पुण्यास जाते, बऱ्हाणपूरची मुलगी इंदुरास येते. चालीस आमचा विरोध नाही. पण मुलीबरोबर लाडवांचे डबे जातात आणि कागद सासरच्या कपाटात राहतात, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. नवीन गावचे डॉक्टर सर्व पहिल्यापासून विचारतात, सातव्या महिन्याची सुई घेतली की नाही याचा कोणास पत्ता नसतो, आणि रविवार-सणाच्या सुटीत बहात्तर तास सरून जातात. म्हणून निगेटिव्ह गर्भवतीच्या कागदांची एक प्रत तिच्या पिशवीत, एक माहेरी आणि एक सासरी असावी. सुई त्या गावी मिळते का याची चौकशी दिवस भरण्यापूर्वीच करावी.

खर्चाची काळजी असलेल्या कुटुंबांनीही मागे राहू नये. इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि महाराजा तुकोजीराव होळकर स्त्री रुग्णालय ही १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते.

इंदुरात घडलेली एक गोष्ट

गट काळजीपूर्वक पाहणे का महत्त्वाचे, हे आपल्याच शहरात मे २०२४ मध्ये दिसून आले. वृत्तपत्रांत आलेली हकिकत अशी. एका स्त्रीवर प्रसूतिविषयक आजारासाठी शस्त्रक्रिया झाली असता तिला ओ पॉझिटिव्ह रक्त देण्यात आले. तिचा गट खरोखरी बॉम्बे हा होता. तिची प्रकृती ढासळली, हिमोग्लोबिन चारच्या आसपास उतरले, मूत्रपिंडावर परिणाम झाला. मग योग्य रक्ताचा शोध सुरू झाला. नागपूरहून विमानाने रक्त आले, तिच्या बहिणीने दिले, आणि शिर्डीकडचे एक मराठी गृहस्थ सुमारे चारशे किलोमीटर मोटारीने येऊन इंदुरात रक्त देऊन गेले. स्त्रीच्या प्रकृतीस उतार पडला.

हा बॉम्बे गट मराठी वाचकांच्या परिचयाचा असावा. १९५२ साली मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रथम जगापुढे मांडला. साधारण तपासणीत हे रक्त ओ सारखे दिसते. परंतु ओ गटाच्या पेशींवर असणारे एच नावाचे मूळ द्रव्यही यांच्या पेशींवर नसते, म्हणून त्यांस ओ रक्तही चालत नाही. केवळ पेशी तपासून थांबले तर चूक होते. रक्तद्रवही ओ पेशींशी ताडून पाहिला तर गट उघड होतो. आपल्या देशात दहा हजारांत सुमारे एक व्यक्ती या गटाची असते असे सांगतात. पुढे १९५७ साली मुंबईत रक्तगटांचे संदर्भकेंद्र निघाले. तेच आज राष्ट्रीय इम्युनोहीमॅटॉलॉजी संस्था म्हणून परळ येथे काम करते, आणि देशभरातून दुर्मिळ रक्ताचे प्रश्न तेथे जातात.

बॉम्बे गट आणि आर-एच हे निराळे विषय होत. पण दोहोंचा धडा एकच. आपला गट ऐकीव नसावा, नीट तपासलेला असावा, आणि गरज पडण्याच्या आधी तपासलेला असावा.

लग्न जुळविताना

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. वधूवरांच्या नोंदपत्रकांत पत्रिकेबरोबर रक्तगटाचा रकाना आला, हे एका अर्थी चांगलेच झाले. पण त्याचा उपयोग अनेक ठिकाणी उलटा होतो. मुलगी शिकलेली, घराणे जुळणारे, पसंती झालेली. आणि कागदावर निगेटिव्ह दिसताच निरोप येतो की, पत्रिका जुळत नाही. मुलगा निगेटिव्ह असला तर मात्र कोणी विचारीत नाही.

यात शास्त्र नाही. निगेटिव्ह मुलगी वर्ज्य करून जी पॉझिटिव्ह मुलगी आणाल, तिच्या अंगी रिकामा वाटा लपलेला असण्याचा संभव एक तृतीयांशाहून अधिक आहे हे आपण वर पाहिले. तिची मुलगी किंवा नात निगेटिव्ह निघू शकेल. मग तिलाही वर्ज्य करणार काय? ज्या अडचणीवर दोन सुयांनी मात करता येते तीस मंगळासारखे रूप देणे योग्य नव्हे. तसेच नवराबायकोचा गट एकच असला तर मूल व्यंग असलेले होते, ही समजूतही निराधार आहे. दोघांचा गट एक असणे या बाबतीत उलट निर्धोकच.

म्हणून रकाना ठेवावा, पण वेगळ्या हेतूने. लग्न ठरल्यावर मुलगी निगेटिव्ह असल्याचे कळले, तर सासरच्यांनी ते मोकळेपणाने जाणून घ्यावे, तिला धीर द्यावा, आणि पहिल्या खेपेपासून सुईची जबाबदारी तिच्या एकटीवर न ठेवता नवऱ्याने ती आपली मानावी. सुई स्वस्त नाही हे खरे. पण बारशाच्या खर्चातील एक वाटा तिकडे वळविला तर घरास जड जाणार नाही. ज्यांस तेवढेही झेपत नाही त्यांच्यासाठी आपल्यासारख्या न्यासांनी वैद्यकीय साहाय्याच्या निधीत या सुईस जागा करून द्यावी, अशी आमची सूचना आहे. शंभरांत पाच स्त्रियांचा प्रश्न आहे. एका मध्यम समाजास तो भार नव्हे.

वाचक बंधुभगिनींनी हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करावे. घरातील प्रत्येक लेकीसुनेचा रक्तगट कागदावर आहे का ते आज पाहावे. नसेल तर या महिन्यात तपासून घ्यावा. निगेटिव्ह असेल तर तिला व तिच्या पतीस समोर बसवून अठ्ठाविसावा आठवडा आणि बहात्तर तास या दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. आणि ज्यांस शक्य आहे त्यांनी, विशेषतः निगेटिव्ह गटाच्या तरुणांनी, रक्तपेढीत आपले नाव नोंदवून ठेवावे. कोणा बाळंतिणीस मध्यरात्री त्यांची गरज लागेल.